मुली पथकात टिकाव्यात म्हणून: दीक्षाविधी, बॅज आणि कौतुकाचे प्रसंग कसे योजावेत

गाइडचे, म्हणजे स्काउट-गाइड चळवळीतले मुलींचे पथक सुरू करणे फारसे अवघड नसते. जूनमध्ये शाळा उघडली, वर्गावर्गांतून सूचना फिरली, की पाचवी-सहावीच्या पंचवीस-तीस मुली पहिल्या सभेला हमखास येतात. अवघड असते ते त्यानंतरचे. दिवाळीच्या सुटीनंतर त्यांतल्या काही कमी होतात, पुढच्या जूनमध्ये आणखी काही, आणि ज्या मुली आता संघनायिका, म्हणजे पथकातल्या सहा-आठ जणींच्या संघाच्या प्रमुख, होण्याजोग्या झाल्या आहेत असे आपल्याला वाटू लागते, नेमक्या त्याच सातवी-आठवीच्या सुमारास दिसेनाशा होतात. मुंबईतल्या एका मराठी शाळेत गाइड कॅप्टन, म्हणजे पथक चालवणारी शिक्षिका म्हणून काम करताना मी हे वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि या गळतीवर जे उपाय आम्हाला लागू पडले त्यांत विधी आणि पुरस्कार यांचा वाटा मोठा आहे. नव्याने पथक हाती घेणाऱ्या शिक्षिकांसाठी ते उपाय क्रमवार येथे मांडत आहे. लेझीम पथक, कबड्डीचा संघ किंवा वस्तीतला मुलींचा अभ्यासगट चालवणाऱ्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल, फक्त बॅजांची नावे तेवढी बदलावी लागतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. मुलगी पथक सोडते तेव्हा तो निर्णय बहुतेक वेळा तिचा एकटीचा नसतो. संध्याकाळी पाच वाजता नळाला पाणी येते आणि आई कामावरून सात वाजता परतते, म्हणून पाणी भरायला हिलाच घरी असावे लागते. धाकट्या भावाला शिकवणीला सोडायचे असते. पाळी सुरू झाली की "आता हे उड्या मारणे पुरे" असे आजी म्हणते. नववी आली की वडील सांगतात, पुढच्या वर्षी बोर्ड आहे, बाकी सगळे बंद. यातले कोणीही वाईट हेतूने बोलत नसते. पण ज्या घराला आपली मुलगी पथकात नेमके काय करते हेच कधी पाहायला मिळालेले नसते, त्या घरात कात्री लावायची वेळ आली की ती आधी पथकावर पडते. म्हणून विधी आणि पुरस्कार योजताना ते मुलीइतकेच तिच्या घरासाठी आहेत, हे मनाशी पक्के धरावे.

पहिली पायरी: प्रगतीची शिडी स्वतः पाठ करावी

भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्सची संघटना तिच्यात सामील झाली. तेव्हापासून मुलामुलींची ही चळवळ आपल्याकडे एकाच छत्राखाली चालते, आणि वयाप्रमाणे प्रगतीच्या पायऱ्याही आखून दिलेल्या आहेत. प्राथमिक वर्गांतल्या छोट्या मुलींना बुलबुल म्हणतात; त्यांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख आणि त्यापुढे गोल्डन ॲरो असे टप्पे असतात. पाचवीच्या सुमारास मुलगी गाइड झाली की प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार असा क्रम लागतो. सोबत प्रावीण्याचे बॅज असतात. प्रत्येक टप्प्याला किती काळ द्यावा आणि कोणत्या चाचण्या घ्याव्यात हे संस्थेच्या नियमावलीत, म्हणजे ज्या पुस्तकाला सगळे 'ॲप्रो' म्हणतात त्यात, दिलेले असते. जिल्हा कार्यालयातून त्याची चालू आवृत्ती मिळवून ती शाळेच्या कपाटात न ठेवता स्वतःच्या पिशवीत ठेवावी.

हे पाठ असण्याचा फायदा असा, की पाचवीत आलेल्या मुलीला आणि तिच्या आईला पहिल्याच महिन्यात पुढचा रस्ता दाखवता येतो. पायऱ्या वेळच्या वेळी चढत गेल्यास ही मुलगी नववीपर्यंत राज्य पुरस्काराच्या चाचणीला बसू शकते, म्हणजेच दहावीच्या वर्षाच्या आधी ते काम आटोपते, हे ऐकल्यावर पालकांच्या मनातला बोर्डाच्या परीक्षेचा धाक बराच कमी होतो. याउलट कॅप्टनलाच क्रम ठाऊक नसला, तर सहावीचे वर्ष नुसत्या संचलनात निघून जाते आणि आठवीतली मुलगी अजून प्रथम सोपानावरच असते. अशी मुलगी कंटाळून गेली तर तो दोष तिचा धरू नये.

दुसरी पायरी: वर्षाच्या तारखा जूनमध्येच ठरवाव्यात

मुंबईत पावसाचा विचार केल्याशिवाय कोणताही कार्यक्रम ठरवता येत नाही. जून ते सप्टेंबर मैदान हाताशी नसते, म्हणून हे महिने नियम, वचन, गाठी, प्रथमोपचार अशा वर्गात बसून शिकण्याच्या गोष्टींसाठी ठेवावेत आणि दीक्षाविधी, म्हणजे वचन घेऊन गाइड होण्याचा विधी, गणपतीनंतर, दिवाळीच्या सुटीपूर्वी करावा. सुटीच्या आधी दीक्षा झालेली मुलगी सुटीनंतर परत येण्याची शक्यता अधिक असते, कारण ती आता नुसती 'येऊन बघणारी' राहिलेली नसते. ७ नोव्हेंबर हा संस्थेचा स्थापना दिन पुष्कळदा दिवाळीच्या सुटीत किंवा तिच्या आसपास येतो, त्यामुळे मोठा कार्यक्रम त्या दिवसावर टाकू नये.

डिसेंबर-जानेवारीत सहल किंवा एक दिवसाचे शिबिर घ्यावे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंतची पायपीट आमच्या मुलींना दरवर्षी हवी असते, आणि शिबिरात संध्याकाळच्या वेळी चारचौघींसमोर एखादा बॅज दिला तर तो शाळेच्या सभागृहात दिलेल्या बॅजपेक्षा जास्त लक्षात राहतो. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस आपल्याकडे शाळांतून साजरा होतोच. त्या दिवशी ज्या मुलींनी धाकट्यांना काही शिकवले असेल, त्यांचे कौतुक करणे शोभून दिसते. २२ फेब्रुवारी हा जागतिक चिंतन दिन. चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचाही जन्मदिवस एकच असल्यामुळे १९२६ पासून जगभरातल्या गाइड हा दिवस पाळतात. मात्र आपल्याकडे तो बोर्डाच्या परीक्षांच्या तोंडावर किंवा ऐन परीक्षेत येतो, म्हणून दहावीच्या मुलींना त्या दिवशी तासाभरासाठीच बोलवावे, तयारीची कामे त्यांच्या गळ्यात घालू नयेत.

या तारखा एका कागदावर लिहून तो कागद जून महिन्यातच प्रत्येक घरी पोहोचवावा. आईला कामावरून सुटी मागायची असते, आणि आठ दिवस आधी कळले तर ती तिला मिळत नाही.

तिसरी पायरी: प्रत्येक मुलीसाठी नोंदवहीत पाने ठेवावीत

पुरस्कार देताना काय बोलायचे हे त्या दिवशी सुचत नाही. ते आधीपासून लिहून ठेवलेले असावे लागते. मी दोनशे पानी वही घेते आणि प्रत्येक मुलीला चार-पाच पाने देते. सभा संपल्यावर दहा मिनिटे तिथेच बसून, त्या दिवशी ज्या दोन-तीन मुलींचे काही विशेष दिसले असेल त्यांच्या पानावर एकेक ओळ लिहिते. ओळ अगदी साधी असते, पण त्यात घडलेली गोष्ट असावी लागते. "हुशार व मनमिळाऊ" असे लिहून काही साधत नाही.

एक उदाहरण देते. सहावीतल्या एका मुलीला गाठी काही केल्या जमत नसत. रीफ नॉट बांधताना तिचे दुसरे टोक नेहमी उलट बाजूने जायचे आणि गाठ सरकायची. एके दिवशी मधल्या सुटीत जिन्यात पहिलीतला एक मुलगा पडला आणि त्याचा हात दुखावला. ही मुलगी पुढे झाली, स्वतःच्या गळ्यातला स्कार्फ काढून तिने त्याचा हात झोळीत घेतला आणि मानेशी गाठ बांधली. "उजवे डाव्यावर, डावे उजव्यावर" असे पुटपुटत तिने ती गाठ बांधली होती आणि ती पक्की बसली होती. मी वहीत एवढेच लिहिले: "जिन्यात झोळी बांधली. गाठ बरोबर. मुलाला हसवत वर्गात नेले." चार महिन्यांनी बॅज देताना मी ती ओळ जशीच्या तशी वाचली. तिचे वडील मागच्या रांगेत उभे होते. गाठ बांधता येणे म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळले, असे त्यांनी नंतर मला सांगितले.

महिन्याच्या शेवटी वही चाळून पाहावी. ज्या मुलीचे पान कोरे राहिले असेल, तिच्याकडे आपलेच लक्ष गेलेले नाही असे समजावे आणि पुढच्या सभेत मुद्दाम तिच्या संघाजवळ उभे राहावे.

चौथी पायरी: दीक्षाविधी मन लावून करावा

सगळ्या विधींत दीक्षाविधी सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच पुष्कळ ठिकाणी सर्वांत घाईत उरकला जातो. शाळेच्या एका कार्यक्रमाची आठवण मला आजही अस्वस्थ करते. चाळीस मुली ऑक्टोबरच्या उन्हात दीड तास उभ्या होत्या, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. पाहुणे आले, त्यांना शाल-श्रीफळ दिले, तीन भाषणे झाली, आणि मग वेळ संपत आली म्हणून सगळ्या मुलींकडून एकाच वेळी, ध्वनिक्षेपकावर, सामूहिक वचन म्हणवून घेतले. बॅज नंतर वर्गात पाकिटांतून वाटले. दोन मुलींना उन्हाने चक्कर आली होती. त्या वर्षीच्या तुकडीतून फार थोड्या मुली पुढे टिकल्या, आणि मला त्याचे आश्चर्य वाटले नाही.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात. एका वेळी सहा ते आठ मुलींनाच दीक्षा द्यावी, म्हणजे साधारण एका संघाइतक्या. पथकात बत्तीसपर्यंत मुली असू शकतात. चार दिवस लागले तरी चालतील. विधीच्या आधी प्रवेशाच्या चाचण्या पूर्ण झालेल्या असाव्यात, आणि प्रत्येक मुलीशी पाच मिनिटे एकटीशी बोलून वचनाचा अर्थ तिला समजला आहे ना, हे पाहावे. वचनात ईश्वर हा शब्द आहे, त्याऐवजी धर्म हा शब्द घेण्याची मुभाही आहे. मुंबईतल्या पथकात चार धर्मांच्या मुली शेजारी शेजारी उभ्या असतात, तेव्हा ही मुभा त्यांना आधीच सांगावी. ऐन विधीत कोणी अडखळू नये.

विधीच्या दिवशी पथक नालाच्या आकारात, म्हणजे एक बाजू मोकळी ठेवून अर्धगोलात उभे राहते. मोकळ्या बाजूला कॅप्टन, शेजारी ध्वज. संघनायिका आपल्या संघातल्या नव्या मुलीला हाताशी धरून पुढे आणते आणि तिचे पूर्ण नाव घेऊन ओळख करून देते. कॅप्टन तिला नियमांबद्दल आणि वचनाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारते. मग मुलगी उजव्या हाताची तीन बोटे उभी करून स्वतःच्या तोंडाने, एकटीने वचन म्हणते. कॅप्टन तिला त्रिदलाचा बॅज लावते, डाव्या हाताने हस्तांदोलन करते, मुलगी वळून पथकाला सलामी देते, पथक तिला सलामी देते आणि ती संघात परत जाते. याला एका मुलीमागे तीन-चार मिनिटे लागतात. तालीम करताना उभे राहण्याच्या जागा, चालणे, वळणे हे सारे करून घ्यावे, पण वचन मात्र म्हणवून घेऊ नये. ते तिने त्या दिवशीच म्हणावे. मुलगी मध्येच विसरली तर कोणी मोठ्याने पुढचा शब्द सांगू नये, कॅप्टनने हलक्या आवाजात तिच्याबरोबर म्हणावे.

आम्ही यात एक भर घातली आहे. बॅज कॅप्टन लावते, पण त्याआधी गळ्यात स्कार्फ घालण्याचा मान आम्ही घरून आलेल्या माणसाला देतो. आई असो, आजी असो, काका असोत किंवा शेजारच्या मावशी असोत. धुणीभांडी करून थेट आलेली एक आई हात पदराला पुसत पुढे आली आणि वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायचे कडे, वर सरकवताना तिची बोटे थरथरत होती. त्या मुलीने पुढची चार वर्षे पथक सोडले नाही. घरात कधी पथकाविषयी कुरबूर झालीच, तर आईच म्हणायची, "तो रुमाल मी घातलाय तिच्या गळ्यात."

काही ठिकाणी वचनाच्या तीन भागांसाठी तीन मोठ्या आणि नऊ नियमांसाठी नऊ लहान मेणबत्त्या लावून विधी करतात. हा प्रकार मुलींना फार आवडतो आणि पावसाळी दिवसांत बंद सभागृहात तो छान दिसतो. मात्र लांब वेण्या, ओढण्या आणि स्कार्फ यांचा विचार करून मेणबत्त्या कमरेइतक्या उंच टेबलावर ठेवाव्यात, शेजारी पाण्याची बादली असावी, आणि लहान मुलींचे पथक असेल तर सरळ बॅटरीवरचे दिवे वापरावेत.

आणखी एक, ज्याविषयी नव्या कॅप्टन सहसा बोलायला संकोचतात. कार्यक्रमाच्या दिवशी एखाद्या मुलीला पाळी आलेली असणारच. पिशवीत सॅनिटरी नॅपकिनचे पाकीट ठेवावे, स्वच्छतागृहाला कुलूप नाही ना हे सकाळीच बघावे, आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त कोणालाही ताटकळत उभे करू नये. पाळीमुळे एखादीला विधीत मागे उभे राहायला कोणी सांगत असेल, तर ते शांतपणे पण ठामपणे थांबवावे.

पाचवी पायरी: घरच्यांना नीट बोलवावे

छापील निमंत्रणपत्रिकेची गरज नाही. मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले पत्र पुरे. त्यात दिवस, वेळ, ठिकाण आणि "कार्यक्रम पाऊण तासाचा आहे" हे वाक्य असावे, कारण मुंबईत माणसाला यायला हरकत नसते, परत जायला किती वाजतील याची चिंता असते. वेळ ठरवताना त्या वस्तीत पाण्याची वेळ कोणती, दुपारची पाळी कधी सुटते, लोकलची गर्दी कधी असते हे पालकांनाच विचारावे. आमच्याकडे शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ सर्वांना जमते. तुमच्याकडे कदाचित रविवारी दुपारी जमेल. प्रमुख पाहुणे बोलवायचेच असतील तर पथकातल्या जुन्या गाइडला बोलवावे. जी मुलगी आज परिचारिका आहे किंवा बँकेत आहे आणि जिने याच मैदानावर दीक्षा घेतली होती, तिचे पाच मिनिटांचे बोलणे ऐकताना पालक हलत नाहीत.

फोटोंबाबत काळजी घ्यावी. ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटापुरते ठेवावेत, आणि मुलीचे नाव, शाळा, वर्ग असे सगळे एकत्र लिहून कुठेही सार्वजनिक ठिकाणी टाकू नयेत. काही घरांना फोटो मुळीच नको असतात. त्यांना कारण विचारू नये.

सहावी पायरी: बॅज मिळाला की लगेच द्यावा

माझ्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. मी कॅप्टन झाले त्या पहिल्या वर्षी, सगळे बॅज वार्षिक स्नेहसंमेलनात एकत्र देऊ, मोठा कार्यक्रम होईल, शाळेचेही नाव होईल, असे मला वाटले. ऑगस्टमध्ये चाचणी उत्तीर्ण झालेल्या मुलींचे बॅज मी जानेवारीपर्यंत त्या डब्यात ठेवले. जानेवारीत सहा मुली पथकात उरल्याच नव्हत्या. त्यांना आपण उत्तीर्ण झालो आहोत हे ठाऊक होते, पण हातात काही पडले नव्हते, घरी दाखवायला काही नव्हते. सहा बॅज डब्यात राहिले. ती चूक माझी होती आणि तिची आठवण राहावी म्हणून तो डबा मी अजून ठेवला आहे.

तेव्हापासूनचा नियम असा: चाचणी उत्तीर्ण झाल्यापासून दोन सभांच्या आत बॅज मुलीच्या बाहीवर असला पाहिजे. त्यासाठी बॅज जिल्हा कार्यालयातून आधीच आणून ठेवावे लागतात. जूनमध्येच, यंदा कोणत्या टप्प्याला किती मुली बसतील याचा अंदाज घेऊन, त्याहून पाच जास्त मागवावेत. बॅजचा खर्च मुलींकडून घेऊ नये. रक्कम लहान असली तरी ती मागण्यासाठी घरी तोंड उघडावे लागते म्हणून गप्प बसणाऱ्या मुली असतात. गणवेशाचेही तसेच. दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलींकडून गणवेश, स्कार्फ आणि पट्टे मागून घेऊन त्यांची एक पेटी करावी, म्हणजे नवी मुलगी गणवेश नाही म्हणून दीक्षेला मागे राहत नाही.

बॅज देण्याचा विधी मोठा असण्याची गरज नाही. सभेच्या शेवटी, ध्वज उतरवण्यापूर्वी, पथक नालाच्या आकारात असतानाच मुलीला पुढे बोलवावे, नोंदवहीतली ओळ वाचावी, बॅज द्यावा. दोन मिनिटे. त्या पाठोपाठ पुढच्या टप्प्यातले पहिले काम तिला तिथल्या तिथे सांगावे, जसे की "पुढच्या सभेला क्लोव्ह हिच ही गाठ शिकायची आणि मोगरा संघाला शिकवायची." प्रथम सोपान मिळाला आणि पुढे काय ते कोणी सांगितले नाही, अशा रिकाम्या आठवड्यांतच मुली निसटतात.

सातवी पायरी: पुरस्कार काय शिकवतात ते पाहावे

'सर्वोत्कृष्ट गाइड' हा पुरस्कार आम्ही बंद केला आहे. तो एका मुलीला मिळतो आणि उरलेल्या सगळ्यांना आपण सर्वोत्कृष्ट नाही एवढेच कळते. 'शंभर टक्के उपस्थिती'चा पुरस्कारही विचार करून द्यावा, कारण जिच्या घरी आजारी आजी आहे किंवा जिला महिन्यातून दोनदा आईच्या जागी कामावर जावे लागते, तिला तो कधीच मिळणार नसतो, आणि खरे पाहता ती ज्या दिवशी येते त्या दिवशी सर्वांत जास्त धडपड करून आलेली असते. त्याऐवजी संघाला गुण द्यावेत, आणि तेही अशा गोष्टींना जिथे एकीने दुसरीला हात दिला.

प्रावीण्याचे बॅज निवडताना मुलीला निवडू द्यावे. स्वयंपाक, शिवण हे बॅज जरूर असावेत, पण शिक्षिकेने आपणहून सर्व मुलींना तेच देऊ नयेत. आमच्याकडच्या एकीला सायकलचा बॅज हवा होता आणि घरी सायकल नव्हती. शाळेच्या शिपाईदादांनी आपली सायकल रविवारी दिली, मुलगी शाळेच्या आवारात पंक्चर काढायला शिकली, आणि तो बॅज मिळाल्यावर तिच्या मागे पाच जणी रांगेत उभ्या राहिल्या.

कोणाला काय द्यायचे हे कॅप्टनने एकटीने ठरवू नये. संघनायिकांची सभा, जिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात, महिन्यातून एकदा भरवावी आणि नावे त्यांनी सुचवावीत. मुली एकमेकींचे जे पाहतात ते आपल्याला दिसत नाही. त्यांनी सुचवलेले नाव आपल्याला न पटले तरी कारण ऐकून घ्यावे. बहुतेक वेळा त्यांचेच बरोबर निघते.

आठवी पायरी: एका पथकातून दुसऱ्या पथकात जाताना हात सोडू नये

चौथीनंतर पुष्कळ मुलींची शाळा बदलते, काहींची सातवी-आठवीनंतर बदलते. बुलबुलची गाइड होताना जो फ्लाय अपचा विधी असतो, तो म्हणूनच दोन्ही पथकांनी मिळून करावा. बुलबुलचे पथक चालवणारी फ्लॉक लीडर मुलीला मैदानाच्या अर्ध्यापर्यंत आणते, तिथे गाइडची संघनायिका तिला घ्यायला येते, आणि बुलबुल मागे उभ्या राहून हात हलवतात. नवी शाळा दुसऱ्या उपनगरात असेल, तर तिथल्या कॅप्टनला मुलीचे नाव आणि तिच्या नोंदवहीतली दोन पाने पाठवावीत.

नववी-दहावीच्या मुलींना मात्र साप्ताहिक सभेची सक्ती करू नये. त्यांना सहायक म्हणून एखादे ठरावीक काम द्यावे, जसे दीक्षाविधीत ध्वज धरणे किंवा नव्या मुलींची पहिली ओळख करून देणे, आणि त्या कामाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावासकट लिहावे. पुढे रेंजर, म्हणजे गाइडनंतरच्या मोठ्या मुलींच्या शाखेत, जायचे का, हा प्रश्न दहावीची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात विचारावा. पुण्याचे संगम हे जगातल्या पाच जागतिक गाइड केंद्रांपैकी एक आपल्यापासून अवघ्या तीन-चार तासांवर आहे. मोठ्या मुलींची एखादी भेट तिथे योजता आली, तर आपल्या बाहीवरचा बॅज कुठवर ओळखला जातो हे त्यांना प्रत्यक्ष पाहायला मिळते.

१९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली निमंत्रण नसताना, मिळेल तसा गणवेश करून तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या. पुढच्याच वर्षी मुलींची स्वतंत्र चळवळ सुरू झाली. ही गोष्ट मी मोठ्या मुलींना नेहमी सांगते, कारण मुलींना यायचे नसते असे म्हणणाऱ्यांना त्यांनी काय उत्तर द्यावे, हे त्यातून त्यांना सापडते.

नववी पायरी: परत येणारीसाठी दार आणि विधी दोन्ही ठेवावेत

गेलेली मुलगी परत येऊ शकते, पण ती सहसा लाजेने येत नाही. सगळ्या पुढे गेल्या, आपण मागे पडलो, बाई काय म्हणतील, असे तिला वाटते. म्हणून तीन सभा चुकल्या की संघनायिकेने आणि आणखी एका मैत्रिणीने घरी जाऊन यावे. कारण विचारायला नव्हे, तर पुढच्या सभेत काय आहे ते सांगायला. तिचा एखादा बॅज द्यायचा राहिला असेल तर तो कॅप्टनने स्वतः घरी नेऊन द्यावा. डब्यातल्या त्या सहा बॅजपैकी तीन मी असे नेऊन दिले. परळच्या एका चाळीत मुलीच्या आजीने तो बॅज आधी देव्हाऱ्यापुढे ठेवला, मग मुलीच्या हातात दिला, आणि सभा कोणत्या वारी असते ते मला विचारले.

परत आलेल्या मुलीला पुन्हा दीक्षा घ्यायला लावू नये, तिचे वचन एकदा झालेले आहे. नालाच्या आकारात पथक उभे असताना संघनायिकेने तिला तिच्या जुन्या जागी नेऊन उभे करावे आणि पथकाने सलामी द्यावी, इतका विधी पुरे. कुठे होतीस असे चारचौघींत कोणी विचारू नये, याची ताकीद मुलींना आधी द्यावी. आणि हजेरीपटात तिचे नाव तळाशी नव्याने न लिहिता तिच्या जुन्या क्रमांकावरच घ्यावे. त्यासाठी पथक सोडून गेलेल्या मुलींचे क्रमांक आम्ही वर्षभर दुसऱ्या कोणाला देत नाही.